वुडलँड्सच्या फलाटावर ऐकलेले एक मत

सिंगापूरच्या उत्तर टोकाला, जोहोरच्या सामुद्रधुनीवरून मलेशियाकडे जाणारा 1924 सालचा कॉजवे जेथून सुरू होतो, त्या वुडलँड्समध्ये सायंकाळी सीमेपलीकडे परतणारे कामगार, शाळेतून उशिरा सुटलेली मुले आणि कचेऱ्यांतून आलेले नोकरदार अशी जी गर्दी लोटते, तिच्यात माणूस स्वतःच्या घराचा रस्ताच तेवढा पाहत असतो. अशाच एका सायंकाळी रेल्वेच्या फलाटावर सात-आठ वर्षांचा एक मुलगा कानांवर जाड हेडफोन चढवून, हातातल्या टॅब्लेटवरील चित्रांवरून बोट फिरवीत आईला बिलगून उभा होता, आणि माझ्या पाठीमागून हलक्या आवाजात, शुद्ध मराठीत, कुणीतरी म्हणाले, "मोबाईल हातात दिला की मुलं अशीच होतात." परमुलखात मातृभाषा अवचित कानी पडली की मन सुखावते. त्या दिवशी ते सुखावले नाही, कारण तो मुलगा माझ्याच इमारतीतला होता, त्याची आई मराठी होती, आणि उच्चारलेला शब्द न् शब्द त्या दोघांनाही कळत होता.

बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसावा. परंतु अशा सहज मतांची परंपरा जुनी आहे, आणि तिने पुष्कळ घरे पोळली आहेत. 1943 साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणावरून ऑटिझमचे, म्हणजे या मुलाच्या अवस्थेचे, पहिले तपशीलवार वर्णन केले; पुढे आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते हा समज पाश्चात्त्य देशांत इतका बळावला, की 1967 साली ब्रूनो बेटलहाइम यांनी त्यावर ग्रंथच लिहिला आणि असंख्य माता विनापुरावा गुन्हेगार ठरल्या. सूझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी 1977 मध्ये 21 जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध करून आनुवंशिकतेचा दाखला पुढे आणला, तेव्हा तो आरोप ढिला पडला. मग 1998 मध्ये लशीवर ठपका आला; अवघ्या बारा मुलांवर आधारलेला तो निबंध 'लॅन्सेट'ने 2010 मध्ये मागे घेतला, तरी संशयाचे बीज अजून ठिकठिकाणी उगवते. आता पाळी फोनची आहे. लहानग्यांनी पडद्यापुढे फार वेळ बसणे हितकर नाही, हे मला पूर्णपणे मान्य आहे. सिंगापूरच्या आरोग्य मंत्रालयाने 2025 च्या जानेवारीत केलेल्या शिफारशीत अठरा महिन्यांखालील बालकांना पडद्यापासून दूर ठेवावे आणि 7 ते 12 वर्षांच्या मुलांनी अभ्यासाखेरीज दिवसाला दोन तासांच्या आत राहावे असे म्हटले आहे, ते योग्यच आहे. पण पडद्याने झोप आणि संवाद यांची हानी होते असे म्हणणे वेगळे, आणि मेंदूची मूळ घडणच पडद्याने बदलली असा फैसला देणे वेगळे. त्या फैसल्याला लागणारा पुरावा आजवर कुणी सादर केलेला नाही.

मराठीत आपण ऑटिझमला स्वमग्नता म्हणतो. शब्द सुबक आहे, परंतु मला तो अन्यायकारक वाटतो. कारण अशी पुष्कळ मुले स्वतःत बुडालेली नसून, बाहेरचे जग त्यांच्यात मर्यादेबाहेर शिरत असते. तुम्हा-आम्हाला जो गलबला पार्श्वभूमीत विरून जातो तो त्यांच्यासाठी विरत नाही. ब्रेकची किंचाळी, सरकत्या जिन्याची घरघर, चार भाषांतील सूचना, सारे एकाच वेळी, एकाच जोराने अंगावर येते. मग हेडफोन ही चैन राहत नाही. अमर बोस 1978 साली झुरिकहून बॉस्टनला विमानाने जात असताना इंजिनाच्या घोंगावण्याने त्रासले आणि बाहेरच्या ध्वनिलहरीच्या नेमकी उलट लहर कानाशी निर्माण केली तर दोन्ही परस्परांना छेदतील, हे गणित त्यांनी त्याच प्रवासात मांडले. 1989 मध्ये वैमानिकांसाठी तसे उपकरण विक्रीला आले, आणि आज त्याच तत्त्वाच्या आधाराने एक लहान मुलगा वुडलँड्सच्या गर्दीत न रडता उभा राहू शकतो.

टॅब्लेटची कथा याहून महत्त्वाची. त्यावर खेळ चालला नव्हता. चित्र दाबताच शब्द उच्चारणारी ती त्याची वाणी होती. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्प विद्यालयाने 'जेलो' नावाचे असे साधन तयार करून विनामूल्य दिले आहे, आणि त्यात मराठीही आहे. यंत्र बोलू लागले तर मूल बोलायचे थांबेल, ही पालकांची भीती स्वाभाविक आहे. परंतु मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी 2006 मध्ये जुन्या अभ्यासांची छाननी केली, तेव्हा काटेकोर पुराव्याच्या 27 मुलामाणसांपैकी एकाचेही बोलणे घटले नव्हते, आणि शेकडा 89 जणांचे वाढले होते.

या मुलाच्या आईला एका तज्ज्ञाने पूर्वी सांगितले होते, की घरात मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा. येथील शाळांत हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांना मुभा आहे, मराठीला नाही. त्यामुळे घरातून गेली तर ती त्याच्या आयुष्यातूनच जायची. दोन भाषांत वाढणारी स्वमग्न मुले एका भाषेतल्या मुलांहून मागे पडतात असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही, पण ते तिला कुणी सांगितले नव्हते. तिने केवळ मनाचे ऐकले. कऱ्हाडची आजी रोज तिन्हीसांजेला फोनवर अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण पाठवते: काय शिजवले, गाय कशी हंबरली, आणि शेवटी ठरलेले वाक्य, "चल बाळा, दिवा लावू." मुलगा ते वीस-वीस वेळा ऐकतो. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणण्याला शास्त्रात इकोलेलिया म्हणतात. पूर्वी ती निरर्थक सवय मानून मोडून काढीत, परंतु बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डकन यांनी 1981 मध्ये दाखवून दिले, की त्या पुनरुक्तीत मागणी असते, होकार असतो, स्वतःशी केलेली उजळणीही असते.

याच फोनवरून दुसरेही काही फिरते, आणि त्याबद्दल मला राग आहे. मूल गर्दीत कोसळून रडत असता त्याचे चित्रण करून ते नातेवाइकांच्या गटात, तेथून आणखी दहा गटांत जाते. हेतू कधी सहानुभूतीचा असतो, पण त्या मुलाची संमती कुणी विचारलेली नसते. सिंगापूरचा 2012 चा आणि भारताचा 2023 चा, हे दोन्ही विदासंरक्षण कायदे व्यक्तीचा खासगी, घरगुती व्यवहार आपल्या कक्षेबाहेर ठेवतात. तेव्हा काकांच्या फोनपुढे मुलाची अब्रू राखणारा पहारेकरी घरातच असावा लागतो. शेजारणीने आपल्या गटात स्पष्ट लिहिले आहे: आजीचा आवाज पाठवा, मुलाचे रडणे पाठवू नका.

त्या सायंकाळी फलाटावर तिने मागे वळून पाहिले नाही, कैफियतही दिली नाही. गर्दी थोडी ओसरल्यावर मुलाने टॅब्लेट खाली केला, हेडफोनची एक बाजू किंचित उचलली आणि कऱ्हाडच्या हेलात, आजीच्याच सुरात म्हटले, "चल बाळा, दिवा लावू."

"हो रे," आई म्हणाली, "निघालोच आपण घरी," आणि दोघे जिन्याकडे वळली.