एक स्क्रू स्लिप झाला, तर गिऱ्हाईकही स्लिप होऊ शकतं!

कॉम्प्युटर-लॅपटॉप रिपेअरिंगचं छोटं काउंटर टाकायचा विचार असेल, तर आजचा विषय तुमच्यासाठीच आहे. विषय साधा आहे: अडकलेला किंवा डोकं स्लिप झालेला स्क्रू.

समजा, औरंगपुऱ्यात तुमचं काउंटर आहे. सरस्वती भुवन कॉलेजचा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन येतो. "सर, नुसता फॅन साफ करायचाय. उद्या प्रोजेक्ट द्यायचाय." काम अर्ध्या तासाचं. मागच्या कव्हरचे आठ स्क्रू निघतात, पण नववा गरकन फिरतो आणि त्याची अधिकची खाच गुळगुळीत होते. आता पणाला काय लागलंय? त्याचा प्रोजेक्ट आणि तुमचं नाव. बाजूलाच पैठण गेट आहे, गिऱ्हाईकाला दुसरं दुकान शोधायला किती वेळ लागणार?

स्लिप का होतो?

अधिकच्या खाचेचा हा फिलिप्स स्क्रू अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांच्या नावाने ओळखला जातो. १९३६ मध्ये त्यांना त्याची पेटंटं मिळाली. या खाचेच्या भिंती उतरत्या असतात. म्हणून फिरवायचा जोर वाढला आणि वरून दाब कमी पडला, की बिट वर उसळतं आणि खाच खरवडून टाकतं. बिट लहान असेल तर हे आणखी लवकर होतं.

लॅपटॉपला बहुतेक वेळा पीएच-००, पीएच-० किंवा पीएच-१ लागतं. बिट खाचेत ठेवून हलवून बघा. लटलट करत असेल तर पुढचा नंबर लावा. ड्रायव्हर सरळ उभा धरा, आधी दाबा, मग फिरवा. झिजलेलं बिट सरळ फेकून द्या. नवं बिट गिऱ्हाईकाच्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी स्वस्त असतं.

पहिल्यांदा घसरला की हात थांबवा

हा आजचा सगळ्यात मोठा नियम. पहिल्या घसरणीला खाच अजून थोडी शिल्लक असते. पाचव्या घसरणीनंतर काहीच उरत नाही. थांबा आणि या क्रमाने चला:

१. चांगलं, नेमक्या मापाचं बिट लावून पुन्हा एकदा प्रयत्न करा.

२. रुंद रबरबँडचा तुकडा खाचेवर ठेवा आणि त्यावरून बिट दाबून हळू फिरवा. रबर खाचेतली रिकामी जागा भरतं.

३. लॅपटॉपच्या बऱ्याच स्क्रूंच्या आट्यांवर निळा थर असतो. स्क्रू आपोआप ढिला होऊ नये म्हणून तो लावतात. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर काही सेकंद टेकवलं, की तो मऊ पडतो. पण खाली बॅटरी किंवा लगतच प्लास्टिक असेल, तर हा उपाय करूच नका.

४. डोकं वर आलेलं असेल तर पकडीने धरून फिरवा. डेस्कटॉपच्या कॅबिनेटचे बरेच स्क्रू षटकोनी डोक्याचे असतात, त्यांना पाव इंची नटड्रायव्हर बसतो. खाच गेली तरी काम होतं.

५. शेवटचा उपाय ड्रिल. फक्त डोकं कापायचं. डोकं गेलं की कव्हर सुटतं आणि उरलेला दांडा बहुतेक वेळा पकडीने निघतो. आधी आजूबाजूच्या फटी टेपने बंद करा. धातूचा कीस मदरबोर्डवर पडला तर शॉर्ट होऊ शकतो.

ड्रिल हातात घेण्याआधी गिऱ्हाईकाला फोन करा. "एक स्क्रू अडकलाय, कापावा लागेल, नवा टाकून देतो. चालेल का?" एवढं विचारलं की पुढचा वाद टळतो. लॅपटॉप घेतानाच स्क्रूंचा फोटो काढून ठेवा. आधीच कुणी खरवडून ठेवलेला स्क्रू असेल, तर तो गिऱ्हाईकासमोर दाखवा आणि पावतीवर लिहा.

बसवताना चुकलं, तर पुढच्या वेळी अडकतं

डेस्कटॉपमध्ये मुख्यतः दोन जातीचे स्क्रू असतात. साडेतीन इंची हार्ड डिस्कला सहा-बत्तीसचे जाड आटे, तर अडीच इंची एसएसडीला एम-३ चे बारीक. जाड आट्यांचा स्क्रू बारीक आट्यांच्या भोकात दामटला, की आटे गेले आणि स्क्रू जाम झाला. लॅपटॉपमध्ये लांबीही बघावी लागते. लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर आतल्या बोर्डला किंवा कीबोर्डला लागतो. म्हणून बर्फाच्या ट्रेमध्ये स्क्रू ज्या जागचे त्या क्रमाने ठेवा. सुरुवातीला हाताने दोन आटे फिरवा, मगच ड्रायव्हर लावा.

आता गृहपाठ. भंगारातून एक जुना लॅपटॉप आणा. तो दहा वेळा खोला, दहा वेळा बंद करा. मुद्दाम एक स्क्रू खराब करा आणि वरच्या क्रमाने काढा. शिकताना हात आपल्या भंगारावर चुकू द्या, गिऱ्हाईकाच्या लॅपटॉपवर नाही.

चला तर मग, ड्रायव्हर उचला आणि कामाला लागा!