डोकं दुखतंय, हे वेळेवर सांगा

हल्ली गावोगावच्या भिशीमंडळांत, बचत गटांत लडाखच्या सहलीचा विषय निघतोच. आठ दिवस, दोन-तीन जीपगाड्या, पंधरा-सोळा जणी. आम्हीही अशाच गेलो होतो. कपडे किती घ्यायचे, खाऊ कोणता न्यायचा हे सगळ्याच सांगतात. आज आपण बोलूया ते उंचीबद्दल, कारण या सहलीत खरी परीक्षा तिचीच असते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. लडाख बर्फाच्या डोंगरांत असूनही वाळवंट का? आपल्याकडे पावसाळी ढग सह्याद्रीला अडतात. महाबळेश्वरला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावला जेमतेम 500 च्या आसपास. लडाख तर हिमालयाच्या पलीकडे आहे. तिथवर ढग पोचतात ते रिकामे होऊनच. लेहला वर्षभरात साधारण 100 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणून डोंगर उघडे, हवा कोरडी, ऊन कडक आणि रात्र गार. हिरवं दिसतं ते फक्त वितळलेल्या बर्फाचं पाणी पाटाने आणलेल्या गावांत.

आता उंचीचं पाहू. कळसूबाई सुमारे 5400 फूट. लेह शहर 11500 फूट, म्हणजे दुपटीहून जास्त. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही तेच असतं, पण हवेचा दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी पडतो. लेहमध्ये तो आपल्या किनाऱ्यावरच्या दोन-तृतीयांश, तर 17500 फुटांवरच्या खारदुंग ला खिंडीत जवळजवळ निम्माच. शरीर हे शिकून घेतं, पण त्याला दिवस लागतात. विमानाने जाणारी बाई दीड तासात दिल्लीहून लेहला उतरते. तिच्या शरीराला शिकायला वेळच मिळालेला नसतो.

म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्ये विश्रांती हवीच. पैसे दिलेत, दिवस वाया घालवायचा का, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. टूरवाल्याकडून कार्यक्रम आला की त्यात आधी एकच गोष्ट बघा: रोज रात्री झोपायचं किती उंचीवर? दिवसा खिंड ओलांडली आणि रात्री खाली उतरलो तर शरीराला ते झेपतं. नुब्रा खोऱ्यात जाताना खारदुंग ला लागते, पण मुक्कामाचं हुंदर गाव सुमारे 10000 फुटांवर, लेहपेक्षाही खाली आहे. पँगाँग तलाव मात्र 14000 फुटांवर. म्हणून नुब्रा आधी आणि पँगाँग नंतर हा क्रम चांगला. खिंडीत फोटो काढा, पण पंधरा-वीस मिनिटांत गाडीत बसा.

उंचीचा त्रास बहुधा पहिल्या दिवसातच कळतो. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं वाटणं, गरगरणं, झोप न लागणं. एवढं असेल तर आहे तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. बरं वाटलं तरच पुढे. पण बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बाई असंबद्ध बोलू लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच खाली न्यायचं आणि दवाखाना गाठायचा. गाडीत ऑक्सिजनची नळकांडी असली तरी ती वाटेपुरती. खरा उपाय खाली उतरणं हाच. एक सोपी खूण लक्षात ठेवा. जमिनीवर रेघ धरून, टाच पुढच्या पायाच्या बोटांना लावत चालायला सांगा. जमलं नाही तर ते दुखणं साधं नाही.

खरी अडचण पुढेच आहे. आपण बायका सांगतच नाही. माझ्यामुळे सगळ्यांची सहल बिघडेल, ड्रायव्हरदादा काय म्हणतील, या संकोचाने गोळी घेऊन गप्प बसतो. घरी ताप अंगावर काढायची सवय तिथे जिवावर बेतू शकते. म्हणून आम्ही निघण्याआधीच ठरवलं होतं: प्रत्येक गाडीत दोघी-दोघींची जोडी. सकाळ-संध्याकाळ एकमेकींना विचारायचं, डोकं कसंय, जेवलीस का, झोपलीस का. आणि कोणी थांबूया म्हणाली तर तिला टोमणा मारायचा नाही.

दुसरा संकोच लघवीचा. वाटेत सोय नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही, हे आपलं नेहमीचं. तिथली कोरडी हवा आणि जोरात चालणारा श्वास अंगातलं पाणी ओढून घेतात. त्यामुळे घोट-घोट पाणी पीत राहा आणि गाडी थांबवायला बिनधास्त सांगा. गावांत लडाखी पद्धतीचे कोरडे संडास दिसतील. पाणी न घालता वरून माती-राख टाकायची, पुढे त्याचं शेताला खत होतं. नाक मुरडू नका. पाणी कमी असलेल्या मुलखाचं ते शहाणपण आहे. वापरलेली पॅड मात्र पिशवीत बांधून परत आणा.

निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. रक्तदाब, दमा, हृदयविकार, गरोदरपण यांबद्दल बोला, हिमोग्लोबिन तपासून घ्या. उंचीसाठीची गोळीही त्यांनाच विचारून घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. झोपेच्या गोळ्या टाळा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिमकार्ड तिथे चालत नाही, तेव्हा गटात दोघी-तिघींकडे तरी पोस्टपेड असू द्या. आणि ड्रायव्हरदादा पहाटे निघूया म्हणाले तर कुरकुर नको. दुपारी ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि रस्त्यावरून वाहणाऱ्या ओढ्यांचं पाणी वाढतं.

मैत्रिणींनो, लडाख जरूर बघा. निळं पाणी, वाळूच्या टेकड्यांवरचे दोन मदारींचे उंट, रात्रीचं चांदण्यांनी भरलेलं आभाळ, सगळं बघा. एखादीसाठी पँगाँग राहिलाच तर तो तिथेच आहे, पुढच्या वर्षी जाता येईल. तिथले लोक भेटताना आणि निरोप घेताना एकच शब्द म्हणतात. आम्हीही तोच म्हणतो. जुले!