काय राखायचं, काय सोडायचं? व्याख्यानाचा व्हिडिओ लहान करताना

(रावेत येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईनं आज व्हिडिओच्या फाइलींवर का बोलावं, असं काहींना वाटेल. कारण सांगते. त्यात माझी एक चूक आहे, ती आधी कबूल करते.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं न्यायदर्शनावर व्याख्यान झालं. अनुमानाचे पाच अवयव, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन, फळ्यावर लिहून आणि त्यांच्यामध्ये बाण काढून सर तासभर बोलले. चित्रीकरण मी माझ्या फोनवर केलं. रात्री फोन भरल्याची सूचना आली. मी व्हिडिओ सगळ्यात छोट्या सेटिंगवर एक्स्पोर्ट केला, सगळ्यांना पाठवला आणि मूळ फाइल पुसून टाकली. पुढच्या वर्षी सर गेले. त्यांच्या मुलीनं ते व्याख्यान मागितलं, आम्ही दोघींनी ते टीव्हीवर लावलं. सरांचा चेहरा ओळखू येत होता. फळ्यावर मात्र नुसते राखाडी ढग. ती म्हणाली, "मावशी, बाबा बोट कशाकडे दाखवताहेत?" मला सांगता येईना.

तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घेतला. आज तो तुमच्यापुढे मांडते.

पहिली गोष्ट. आपल्याला वाटतं, फाइल लहान केली की काहीतरी गमावलं आणि नाही केली तर सगळं शाबूत राहिलं. तसं नाही. हिशोब करून पाहा. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले, तर एक चित्र सुमारे ६.२ मेगाबाइटचं. सेकंदाला अशी २५ चित्रं. तासाभराच्या व्याख्यानाचे होतात साधारण ५६० गिगाबाइट! तुमच्या फोनमध्ये एवढी जागा नसते. म्हणजे फोन चित्रीकरण करतानाच बहुतेक सगळं सोडून देत असतो. काही सोडायचं की नाही, हा प्रश्न आपल्या हातात येण्याआधीच सुटलेला असतो. आपल्या हातात उरतं ते काय सोडायचं हे ठरवणं.

यंत्र काय सोडतं? मुख्यतः तीन गोष्टी.

एक, रंग. आपल्या डोळ्यांना उजेड-अंधाराचा फरक बारकाईनं कळतो, रंगाचा तितका नाही. म्हणून उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची ठेवतात आणि रंगाची चार ठिपक्यांत मिळून एकदाच. एवढ्यानंच माहिती निम्म्यावर येते आणि सहसा कुणाला कळतही नाही.

दोन, बारीक तपशील. इथे एका आपल्या माणसाचं नाव घ्यायला हवं. नसीर अहमद, जन्म बंगळूरचा, १९४० चा. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी १९७२ साली एक कल्पना मांडली आणि संशोधनासाठी अनुदान मागितलं. ते नाकारलं गेलं. तरी त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे त्या पद्धतीचं नाव. चित्राचे छोटे चौकोन करायचे, समजा आठ बाय आठ ठिपक्यांचे. प्रत्येक चौकोनात किती भाग संथ बदलांचा आहे आणि किती झपाट्यानं होणाऱ्या बारीक बदलांचा, हे वेगळं काढायचं. मग बारीक बदलांची नोंद ढोबळ करायची किंवा सोडून द्यायची. भिंत, साडी, चेहऱ्याची ठेवण संथ बदलांत येतात, ती टिकतात. आपण रोज पाहतो ते बहुतेक फोटो आणि व्हिडिओ याच विचारावर उभे आहेत.

तीन, पुनरावृत्ती. वक्ता बोलतोय आणि मागची भिंत तशीच आहे. मग भिंत सेकंदाला पंचवीस वेळा कशाला लिहायची? एक चित्र पूर्ण लिहायचं, पुढच्यांत फक्त काय बदललं तेवढं लिहायचं. म्हणून एका जागी उभ्या वक्त्याचा व्हिडिओ लहान फाइलीत छान बसतो. क्रिकेटचा सामना तितक्या जागेत बसवला तर त्याची दैना होते.

आता सरांच्या फळ्याचं काय झालं ते कळेल. खडूची रेघ बारीक असते आणि फळा धुळीनं राखाडी झालेला. बारीक आणि फिकट! यंत्राच्या लेखी ही सगळ्यात आधी सोडण्याची गोष्ट. यंत्राला डोळ्याला काय जाणवतं हे शिकवलेलं आहे, अर्थ कशात आहे हे शिकवलेलं नाही. सरांच्या सदऱ्याची सुरकुती आणि 'हेतू' या शब्दाची मात्रा त्याच्या दृष्टीनं सारख्याच. तो फरक माणसानंच करायचा. सेटिंग निवडणं म्हणजे तो फरक करणं.

आता प्रत्यक्ष सेटिंगकडे वळू.

सगळ्यात महत्त्वाचा शब्द बिटरेट. आपल्या रावेतच्या बंधाऱ्यावरून पवनेचं पाणी उपसून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात जातं, हे तुम्हाला माहीत आहे. नळातून सेकंदाला किती पाणी येतं आणि नळ किती वेळ चालू आहे, यावर टाकी किती भरेल हे ठरतं. बिटरेट म्हणजे ती धार, फाइल म्हणजे टाकी. धार मेगाबिटमध्ये मोजतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठनं भागायचं. सेकंदाला १ मेगाबिट धार असेल, तर ३६०० सेकंदांच्या तासाला ४५० मेगाबाइट. २ मेगाबिट असेल तर ९००. एवढा एक आकडा, तासाला साडेचारशे, लक्षात ठेवलात तरी आजचं येणं फुकट गेलं नाही. (हशा)

गंमत अशी की फाइलीच्या आकाराच्या या हिशोबात रिझोल्यूशन कुठेच येत नाही. पण आपण म्हणतो, "१०८०पी आहे, म्हणून स्पष्ट आहे." नैयायिक म्हणेल, हा हेतू व्यभिचारी आहे. कधी साध्यापाशी जातो, कधी भलतीकडे. धार बारीक असताना ठिपके वाढवले की प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला कमी येतं. ७२०पीमध्ये ठिपके सव्वादोन पटीनं कमी असतात. त्यामुळे १ मेगाबिटच्या आसपास ७२०पी बऱ्याचदा १०८०पीपेक्षा स्वच्छ दिसतं. फळ्यावरची अक्षरं मोठी असतील तर ७२०पी पुरतं. बारीक असतील, किंवा पडद्यावर पोथीचं पान दाखवलं असेल, तर १०८०पी ठेवा आणि धारही वाढवा.

फ्रेम रेट जसा चित्रीकरणात होता तसाच ठेवा. २५ चं ६० केलंत तर नवं काही दिसत नाही.

कोडेक म्हणजे बांधणीची पद्धत. एच.२६४ हे २००३ चं, आज जवळपास प्रत्येक फोनवर, टीव्हीवर चालतं. एच.२६५ हे २०१३ चं, तेवढ्याच दर्जाला ढोबळमानानं निम्मी जागा घेतं, पण जुन्या यंत्रांवर अडतं. २०१८ चं एव्ही१ त्याहून काटकसरी, मात्र बांधायला वेळ खातं. ज्येष्ठ श्रोत्यांना पाठवायचं असेल तर मी अजून एच.२६४ आणि एमपी४ घेते. न उघडणारी फाइल कितीही लहान असली तरी निरुपयोगी.

आणि आवाज! व्याख्यानाचा प्राण आवाजात असतो आणि तो भलताच स्वस्त आहे. एका माणसाच्या बोलण्याला ६४ किलोबिट मोनो पुरतात. तासाला फक्त २९ मेगाबाइट. जागा वाचवायला आवाजावर कात्री चालवू नका, तिथे वाचत काहीच नाही आणि जातं सगळं. चित्र जरा धूसर असलं तर माणूस ऐकत राहतो, आवाज फाटला तर उठून जातो.

आता दर्जा कसा सांगायचा? दोन वाटा. पहिली, धार ठरवून देणं. म्हणजे फाइल किती मोठी होणार हे आधीच कळतं. दुसरी, दर्जा ठरवून देणं आणि धार यंत्राला ठरवू देणं. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात याला आरएफ म्हणतात. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. एच.२६४ साठी २० ते २४ या पट्ट्यात राहा. आकडा सहानं वाढवला की फाइल साधारण निम्मी होते. पाठवण्याच्या मर्यादेत बसवायचं असेल तर पहिली वाट, एरवी दुसरी. संथ प्रसंगी कमी खर्च आणि गरजेला जास्त, हा शहाण्या घराचा हिशोब तिच्यात आहे.

आणि अख्खा तास एक्स्पोर्ट करून मग पाहत बसू नका. सगळ्यात अवघड असा एक मिनिट निवडा, ज्यात वक्ता फळ्यावर लिहितोय आणि हलतोही आहे. तेवढाच एक्स्पोर्ट करा. फोनवर पाहा, मग टीव्हीवर पाहा. अक्षर वाचता आलं तर बाकीचा तास सुखरूप आहे.

थोडं चित्रीकरणाबद्दल, कारण अर्धी काटकसर तिथेच होते. खोली अंधारी असली की चित्रात बारीक दाणे वळवळतात. दर क्षणी बदलणारे दाणे यंत्राला नवी माहिती वाटतात आणि धार त्यांच्यावर खर्च होते. म्हणून दिवे लावा. फोन हातात न धरता तिपाईवर ठेवा, हात हलला की भिंतसुद्धा हलते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटच्या उजेडात सेकंदाला २५ चित्रं आणि शटर १/५० ठेवलं की लुकलुक टळते. फिरता पंखा चौकटीत घेऊ नका. फळा आधी ओल्या फडक्यानं पुसा आणि अक्षर मोठं काढा. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत.

शेवटचं आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं. लहान करायची ती प्रत, मूळ नव्हे. लहान केलेल्या फाइलीतून पुन्हा लहान केली की आधीच्या चुकांवर नव्या चुका चढतात. आणि लहान फाइल मोठ्या धारेवर एक्स्पोर्ट केली तर फक्त आकार फुगतो. पाखडताना सुपाबाहेर उडालेला दाणा सूप मोठं घेतल्यानं परत येत नाही.

म्हणून आता मी तीन वस्तू ठेवते. मूळ फाइल जशीच्या तशी, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, एक माझ्याकडे आणि एक दुसऱ्या घरी. यूट्यूबसाठी एक दमदार प्रत. तिथे १०८०पीला ८ मेगाबिटची शिफारस आहे, म्हणजे तासाला ३.६ गिगाबाइट. यूट्यूब ती पुन्हा दाबतंच, म्हणून आपण कंजुषी करायची नाही. आणि तिसरी पाठवण्यासाठी, ७२०पी, ०.८ मेगाबिट, आवाज धरून ३९० मेगाबाइटच्या आसपास. ही व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ते पुन्हा दाबत नाही.

एक्स्पोर्टचं बटण दाबण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे उद्या पाहणारा माणूस कशासाठी पाहणार आहे? लग्नाचा व्हिडिओ असेल तर चेहऱ्यांसाठी, नाचाचा असेल तर हालचालीसाठी, व्याख्यानाचा असेल तर शब्दासाठी, बोललेल्या आणि लिहिलेल्या. ते राखा, बाकीचं खुशाल सोडा.

सरांच्या मुलीला मी अखेर काय दिलं? तो धूसर व्हिडिओ आणि त्याच्या जोडीला वहीची चार पानं. आवाज ऐकत ऐकत, बोट कुठे गेलं ते पाहत, फळ्यावर काय असणार ते मी तर्कानं लिहून काढलं. धुरावरून अग्नी ओळखावा तसं. बहुतेक बरोबर असेल. पण एका बाणाची दिशा मला आजही लागलेली नाही, आणि ती विचारायला सर नाहीत.

तेव्हा मंडळी, आज घरी गेलात की फोनमधलं काही पुसण्याआधी मूळ फाइल दुसरीकडे गेली आहे ना, एवढं पाहा. थांबते.