पोट दिसण्याआधीची काळजी



दवाखान्यात गरोदर बाईचं नाव नोंदवताना आम्ही विचारायचो, "तंबाखू खाता का?" उत्तर ठरलेलं असायचं, "नाही सिस्टर." मग विचारायचो, "आणि मशेरी?" "ती लावते की! त्याशिवाय पोट साफ होत नाही."

मशेरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच. हिरड्यांना चोळली की तिच्यातलं निकोटीन रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरी किंवा तसली बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. जेमतेम अडीच किलो भरणाऱ्या बाळाला शंभर ग्रॅम थोडे नसतात.

कोणी म्हणतं, "आमच्या सासूची सात बाळंतपणं मशेरीवरच झाली." झाली असतील. पण त्यातली किती बाळं जगली आणि किती अशक्त निघाली, हेही सासूबाईंना विचारा.

आधीच का जपायचं?

पाळी चुकून दोन आठवडे होतात, तोवर बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून तयार होतो ती नळी बंद झालेली असते. पुष्कळ बायकांना तेव्हा दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून पोट दिसल्यावर जपू, असं म्हणून चालत नाही. मूल हवं असेल तर आधीपासूनच जपायला हवं.

ॲसिड आणि ब्लीचिंग

आपल्यातल्या कितीतरी जणी घरकामाला, सफाईला जातात. संडास लवकर निघावा म्हणून ॲसिड टाकायचं, त्यावर ब्लीचिंग. हे दोन एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. डोळे चुरचुरतात, खोकला सुटतो, छाती आवळते. आईला श्वास पुरला नाही, तर बाळालाही प्राणवायू कमी पडतो.

एका वेळी एकच वस्तू वापरा. दार-खिडकी उघडी ठेवा. वास लागलाच तर काम तिथेच सोडून मोकळ्या हवेत या, डोळे साध्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि दम लागत असेल तर दवाखाना गाठा. कामाच्या घरी हातमोजे मागा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. काम त्यांचं आहे, हात आपले आहेत.

गोरं करणारी क्रीम

लग्न ठरलं की मुलीच्या हातात क्रीमची डबी येते. काही क्रीममध्ये पारा असतो. तो कातडीतून शरीरात जातो, मूत्रपिंड बिघडवतो आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूलाही इजा करतो. सौंदर्यप्रसाधनांत पारा घालायला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे, तरी असा माल बाजारात येतो. डबीवर काय घातलंय ते लिहिलेलं नसेल, 'मर्क्युरी' किंवा 'कॅलोमेल' असे शब्द असतील, किंवा सोन्याचांदीला लावू नका अशी सूचना असेल, तर ती डबी घरात नको. सावळा रंग हा काही आजार नाही, मग त्याला औषध कशाला?

भंगार आणि धूर

भंगार वेचणाऱ्या ताईंनी जुन्या बॅटऱ्या फोडू नयेत, तांब्यासाठी वायरी जाळू नयेत. बॅटरीतलं शिसं वर्षानुवर्षं हाडांत साठतं आणि गरोदरपणी हाडांतून सुटून बाळाकडे जातं. कामावरून आल्यावर हात-तोंड धुऊन, कपडे बदलून मगच लेकरू उचला. नाचणी खा, दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नका.

बंद खोलीत डासांची कॉइल लावू नका, मच्छरदाणी बांधा. चूल असेल तर धूर बाहेर जाऊ द्या. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने घराबाहेर जावं, आणि मशेरी भाजणाऱ्यानेही. ही जबाबदारी एकट्या गरोदर बाईची नाही, सगळ्या घराची आहे.

आता काय करायचं?

आजवर मशेरी लावली म्हणून कोणी स्वतःला दोष देऊ नये. ज्या दिवशी सोडाल, त्या दिवसापासून फायदाच आहे. पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पण ते हळूहळू ओसरतं. जमत नसेल तर १८००-११२-३५६ या सरकारी नंबरावर फुकट सल्ला मिळतो. अंगावर पाजणाऱ्या आईने मशेरी सोडावी, पण पाजणं थांबवू नये.

आणि एक. दवाखान्याच्या कागदावर 'मशेरी' हा रकाना बहुधा नसतो. 'काय काम करता?' हेही कोणी नीट विचारत नाही. तेव्हा विचारायची वाट न बघता आपणच सांगा: मी मशेरी लावते, मी संडास धुते, मी भंगार सोडवते. सांगितलं तर नर्सला कळेल, आणि कळलं तर ती पुढची काळजी घेईल.