टू-फोर-डी खाणारे जिवाणू

पावसाळ्यात कड्यावरच्या गणपतीला आंजर्ल्याला गेलात तर पुळणीवर जपून चाला, तळपायाला डांबराच्या गोळ्या चिकटतील. हे समुद्रात सांडलेले तेल. त्यातली टोल्यूईनसारखी वलयी द्रव्ये जिवाणूच्या स्निग्ध आवरणात शिरून ते फोडतात. तरी ‘स्युडोमोनस पुटिडा’ नावाच्या जिवाणूचे काही वाण टिकतात. ते आवरण घट्ट करतात आणि आत शिरलेले विष, मोटेने विहीर उपसावी तसे, बाहेर फेकतात. १९८९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना असा एक वाण ५० टक्के टोल्यूईनमध्येही वाढताना आढळला!

हे बळ येते कुठून? लाखांत एखाद्याच्या जनुकात चूक होते, तीच कामी येते, बाकीचे मरतात, तो उरतो. शिवाय ‘प्लास्मिड’ हे जनुकांचे छोटे कडे जिवाणू शेजाऱ्यालाही देतो, बियाणे उसने द्यावे तसे.

उसात मारतो ते टू-फोर-डीही वलयीच. ते पचवणारे जनुक अनेकदा अशाच कड्यावर असतात. म्हणून वरचेवर फवारलेल्या रानात ते लवकर जिरते. पाचट जाळून भुकेल्या ठेवलेल्या, कोरड्या रानात मात्र रेंगाळते. तिथे फवारणीनंतर लगेच टोमॅटो लावू नका.