चार मिलिमीटरची पट्टी

काशीगावातून बाहेर पडून काशिमिरा नाक्यावर आलं की मुंबई-अहमदाबाद महामार्गाचा सगळा पसारा समोर येतो. गुजरातकडे निघालेले कंटेनर, घोडबंदरकडे वळणारे टँकर आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या छोट्या गाड्या. सिग्नल लाल असला की पुढच्या गाडीची पाठ निवांत बघायला मिळते. हॅचबॅक असेल तर मागच्या काचेवर घराच्या वळचणीसारखा पुढे आलेला स्पॉयलर असतो. एखाद्या सेडानच्या डिक्कीवर दोन पायांवर उभा केलेला पंख असतो. आणि कधीमधी त्या पंखाच्या अगदी शेवटच्या कडेला काटकोनात उभी केलेली, बोटाच्या पेराहूनही बुटकी अशी एक पट्टी दिसते.

नुसती हौसेची वस्तू वाटावी, अशीच ती असते. पण ही पट्टी म्हणजे शर्यतीच्या गाड्यांच्या इतिहासातला फार मोलाचा शोध आहे. तिला गर्नी फ्लॅप म्हणतात, आणि तिची गोष्ट सुरू होते १९७१ मध्ये, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात.

डॅन गर्नी हा तिथला नावाजलेला शर्यतपटू. १९६७ साली त्याने ए. जे. फॉइटच्या जोडीने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली आणि पुढच्याच आठवड्यात स्वतःच्या कारखान्यात बांधलेल्या ईगल गाडीतून बेल्जियमची ग्रांप्रीही. १९७० मध्ये त्याने चालवणं थांबवलं आणि तो गाड्या बांधण्यात रमला. १९७१ मध्ये फिनिक्सच्या ट्रॅकवर त्याच्या गाडीची चाचणी चालू होती. चालवायला होता बॉबी अन्सर. तीन दिवस झाले तरी गाडीचा वेग वाढेना. वैतागलेल्या अन्सरने गर्नीलाच काहीतरी शोधून काढायला सांगितलं. गर्नीला जुन्या दिवसांत स्पॉयलरवर केलेले प्रयोग आठवले. पाऊण तासात ॲल्युमिनियमचा एक अँगल कापून मागच्या पंखाच्या कडेला रिव्हेटने ठोकला गेला.

अन्सर फेऱ्या मारून आला. घड्याळात काहीच फरक नव्हता. पण गाडीतून उतरल्यावर त्याने गर्नीला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की मागची चाकं रस्त्याला इतकी घट्ट बसली आहेत की आता पुढची चाकंच वळायला तयार नाहीत. पट्टीने काम केलं होतं, जरा जास्तच केलं होतं. पुढच्या बाजूलाही तेवढाच दाब दिला की गाडी सुसाट पळणार, हे दोघांना कळलं आणि दोघांनीही तोंड बंद ठेवलं. इतर संघांनी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं: गाडी ढकलताना पंखाची धारदार कड हाताला लागू नये म्हणून हा अँगल लावलाय. काहींनी ते खरं मानलं. काहींनी नक्कल केली आणि शहाणपणाने पट्टी खालच्या बाजूला वळवून लावली. त्यांच्या गाड्या आणखी बिघडल्या. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, इंडियानापोलिसच्या शर्यतीत मोठे पंख लावायची मुभा मिळाली आणि अन्सरने गर्नीच्या ईगलमधून पात्रता फेरीत ताशी सुमारे ३१५ किलोमीटरचा वेग गाठला. आदल्या वर्षीचा सर्वोत्तम वेग ताशी २८८ च्या आसपास होता. हे सगळं श्रेय एका पट्टीचं नाही, पंखांचं आणि इंजिनाचंही आहे. पण पंख होते म्हणूनच पट्टीला जागा मिळाली.

पट्टी वरच्या बाजूला लावायची की खालच्या, या एका चुकीत सगळं शास्त्र सामावलेलं आहे.

विमानाचा पंख हवेला खाली लोटतो, म्हणून विमान वर उचललं जातं. शर्यतीच्या गाडीचा पंख हा तोच पंख, पण उलटा. तो हवेला वर लोटतो आणि त्या बदल्यात स्वतः खाली दाबला जातो. हाच डाउनफोर्स. गाडीचं वजन एक किलोनेही न वाढवता टायरवरचा भार वाढतो, टायर रस्ता घट्ट धरतो आणि वळणावर गाडी सुटत नाही. उलट्या पंखाच्या वरच्या अंगाला हवेचा दाब जास्त असतो आणि खालच्या अंगाला कमी. गर्नीची पट्टी जास्त दाबाच्या, म्हणजे वरच्या अंगाला, शेवटच्या कडेवर उभी असते. वरून येणारी हवा तिच्यापाशी अडते आणि तिथला दाब आणखी वाढतो. पट्टीच्या पाठीमागे हवेचे दोन छोटे भोवरे तयार होतात, एकमेकांच्या उलट दिशेने गरगरणारे. पंखाखालून येणारी हवा कडेपाशी पोचली की त्या भोवऱ्यांमुळे ती वर खेचली जाते. एरवी जी हवा दमून पंखापासून मध्येच सुटली असती, ती शेवटपर्यंत पृष्ठभागाला चिकटून राहते. पंख आहे तेवढाच, त्याचा कोनही तोच, पण हवा मात्र जास्त वळते. पट्टी खालच्या बाजूला लावली की नेमकं याच्या उलट होतं.

डिक्कीला थेट जोडलेला स्पॉयलर जरा वेगळा. त्याच्या खालून हवा जातच नाही, त्यामुळे त्याला पंख म्हणता येत नाही. छपरावरून वाकून खाली येणारी हवा गाडीच्या मागच्या भागाला वर उचलू बघते. स्पॉयलर ते उचलणं मोडून काढतो. त्याच्या कडेला छोटी पट्टी आली की तिच्या पुढ्यात, डिक्कीच्या पत्र्यावर, हवा तुंबते आणि तिचा दाब पत्र्याला खाली ढकलतो. हे उचलणं किती घातक असतं, ते ऑडीच्या टीटी गाडीने दाखवून दिलं. १९९८ मध्ये बाजारात आलेली ती गोलमटोल, देखणी गाडी जर्मनीच्या ऑटोबानवर भन्नाट वेगात मार्गिका बदलताना किंवा तीव्र वळणावर मागून सुटायची. जीवघेणे अपघात झाले. अखेर कंपनीने गाड्या परत बोलावून सस्पेन्शन बदललं, गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली आणि डिक्कीच्या कडेवर एक छोटा स्पॉयलर लावला. त्या देखण्या पाठीवरची ती बारीकशी कड शोभेसाठी आलेली नव्हती.

आता खर्चाची बाजू. हवेत काहीही उभं केलं की अडथळा वाढतो, म्हणजे ड्रॅग वाढतो, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेतल्या डग्लस विमान कंपनीतले शास्त्रज्ञ रॉबर्ट लीबेक यांनी एका जाड पंखावर ही पट्टी लावून हवेच्या बोगद्यात तिची चाचणी घेतली. पंखाची पुढून मागे जितकी रुंदी, तिच्या सव्वा टक्का उंच अशी ती पट्टी होती. उचल तर वाढलीच, पण अडथळा किंचित कमी झाला. त्यांचा लेख १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गॅरेजमधली ही पट्टी अभियांत्रिकीच्या पुस्तकात गेली. पुढच्या प्रयोगांनी मर्यादाही दाखवून दिल्या. पट्टी पंखाच्या रुंदीच्या एक ते दोन टक्के असेपर्यंत सौदा फायद्याचा. त्यापुढे डाउनफोर्स थोडाथोडा वाढतो आणि ड्रॅग मात्र झपाट्याने. डिक्कीवरचा पंख वीस सेंटिमीटर रुंद धरला तर दोन टक्के म्हणजे अवघे चार मिलिमीटर. हौसेने लावलेल्या पट्ट्या पुष्कळदा याच्या तिप्पट-चौपट उंच दिसतात. त्या डाउनफोर्सपेक्षा ड्रॅगच जास्त कमावतात.

हा शोध गर्नीला आपल्या नावावर नोंदवता आला नाही. पट्टीसारखाच एक हलता फ्लॅप झापार्का नावाच्या संशोधकाने १९३१ मध्येच पेटंट करून ठेवला होता, तोही गर्नी जन्मण्याच्या दहा दिवस आधी. तरी नाव गर्नीचंच राहिलं. पुढे सिकोर्स्कीच्या एस-७६बी हेलिकॉप्टरच्या शेपटीतला आडवा पंख पुरेसा जोर देईना, तेव्हा नवा पंख घडवण्याऐवजी त्याला हीच पट्टी लावून काम भागवलं गेलं.

मग महामार्गावरच्या गाडीला तिचा किती उपयोग? इथे एक हिशेब करण्यासारखा आहे. हवेचं बळ वेगाच्या वर्गाने बदलतं: वेग दुप्पट झाला की बळ चौपट. दीड मीटर लांब आणि वीस सेंटिमीटर रुंद असा बऱ्यापैकी पंख गाडीवर आहे असं धरू. ताशी ८० किलोमीटरला त्याचा डाउनफोर्स साधारण नऊ किलो भरेल. चांगल्या पट्टीने त्यात पावणेतीन किलोची भर पडेल. ताशी २४० ला तोच पंख ऐंशी किलो दाबेल, म्हणजे एक अख्खा माणूस मागच्या चाकांवर बसवल्यासारखं. आणि ताशी ४० ला? पंखाचे सव्वादोन किलो, त्यात पट्टीचा वाटा जेमतेम सातशे ग्रॅम. नऊशे किलोच्या गाडीला ते जाणवणारही नाही. काशिमिरा नाक्यापासून वर्सोवा पुलापर्यंत सकाळी नऊ वाजता ताशी ४० मिळाले तरी नशीब म्हणायचं.

कारखान्यातून लागून येणाऱ्या हॅचबॅकच्या स्पॉयलरचं काम बरंचसं वेगळंच असतं. पावसाळ्यात हॅचबॅकची मागची काच बघावी: चिखलाच्या बारीक शिंतोड्यांनी ती भरलेली असते, सेडानची त्यामानाने स्वच्छ. उभ्या पाठीच्या गाडीमागे हवा तुटते आणि माघारी फिरून काचेवर चिखल आणून टाकते. म्हणूनच हॅचबॅकला मागे वायपर असतो आणि सेडानला सहसा नसतो. ही हवा नीट, एका रेषेत तुटावी आणि गाडीमागची पोकळी लहान राहावी, म्हणून छपराची कड लांबवलेली असते. इंधनात थोडी बचत होते. डाउनफोर्स हा तिथे मुख्य मुद्दाच नसतो.

पण ही पट्टी कमी वेगात सदैव निरुपयोगी, असंही नाही. विद्याविहारच्या के. जे. सोमय्या महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग इंडिया किंवा पवईचा आयआयटी बॉम्बे रेसिंग असे विद्यार्थ्यांचे संघ फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांसाठी स्वतःच्या गाड्या बांधतात. या स्पर्धांचे ट्रॅक रस्त्यावर मांडलेल्या शंकूंमधून वळत जाणारे, सरासरी वेग ताशी ५०-६० च्या घरातला. तरीही तिथल्या कित्येक गाड्यांवर भलेमोठे पंख असतात, कारण गाडीच दोन-अडीचशे किलोची असते आणि शर्यत वळणावर जिंकली जाते. अशा गाडीवर चार-पाच किलोही मोलाचे. ही मुलं आधी संगणकावर हवा वाहवून बघतात, मग पंखावर लोकरीचे छोटे तुकडे चिकटवून गाडी पळवतात. तुकडा शांत पडून राहिला तर हवा चिकटलेली, थरथरला तर सुटलेली. शिकण्याची ही रीत फार सुंदर आहे, आणि गर्नीने फिनिक्सला केलं ते याच जातीचं होतं: लावून बघायचं, चालवणाऱ्याचं ऐकायचं, मागे वाढलं तर पुढेही वाढवायचं.

नेमकी हीच शेवटची पायरी बाजारातली पट्टी लावणारे विसरतात. नुसता मागचा दाब वाढवला तर वेगात पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंग ऐकेनासं होतं. शिवाय मोटार वाहन अधिनियमाचं कलम ५२ आहेच. कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि गर्दीच्या नाक्यावर ॲल्युमिनियमची उघडी धार पादचाऱ्याच्या कमरेच्या उंचीवर असणं कायद्याच्या आधी माणुसकीलाच धरून नाही.

ज्याला ही पट्टी खरोखर काम करताना बघायची आहे, त्याने डिक्कीला भोकं पाडू नयेत. जाड पुठ्ठ्याचा तळहातापेक्षा थोडा मोठा तुकडा मधोमध खाली झुकेल असा वाकवावा, मागची कड थोडी वर ठेवावी आणि मातीच्या गोळ्याने तो स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पक्का बसवावा. काटा शून्यावर आणावा, समोर टेबलफॅन लावावा आणि आकडा लिहून ठेवावा. मग मागच्या कडेवर, वरच्या बाजूने, दोन-तीन मिलिमीटरची पुठ्ठ्याची पट्टी उभी चिकटवावी आणि पुन्हा आकडा बघावा. त्यानंतर तीच पट्टी खालून लावून बघावी. घरात शाळकरी मुलं असतील तर हा प्रयोग त्यांच्याच हातून करवून घ्यावा.