डोंगराला मानवेल अशी सहल

काठगोदामला रेल्वेचे रूळ संपतात. १८८४ साली आगगाडी इथवर आली आणि डोंगराच्या पायथ्याशीच थांबली. त्यापुढचं कुमाऊं आजही रस्त्यानंच पाहायचं असतं. पुण्या-मुंबईचे, नाशिक-नागपूरचे गट दिल्लीमार्गे इथे उतरतात. स्टेशनाबाहेर टेम्पो ट्रॅव्हलर उभे असतात, टपावर बॅगा चढतात, टूर मॅनेजर नावं घेऊन माणसं मोजतो आणि गाडी लागू नये म्हणून पहिल्या वळणाआधीच आलेपाकाची पुडी सगळ्यांमधून फिरते. आठवड्याभरात नैनिताल, अल्मोडा, कौसानी, मुन्सियारी अशी गावं करून मंडळी परततात.

मराठी मध्यमवर्गापैकी पुष्कळांनी हिमालय पाहिला तो असा, गटानं. एकट्यानं निघायचं धाडस नसलेल्या निवृत्त शिक्षिकेला, हिंदी अडखळत बोलणाऱ्या आजी-आजोबांना या गटांनीच बर्फाची शिखरं दाखवली. हे मोठं काम आहे. गटानं आणि रस्त्यानं जाणं ही डोंगराच्या प्रकृतीला सर्वांत मानवणारी रीत आहे, असं माझं ठाम मत आहे. मात्र या रीतीला आपण जो वेग लावला आहे, तो डोंगराला सोसत नाही आणि आपल्यालाही फळत नाही. कुमाऊंच्या या नेहमीच्या फेरीवर ते टप्प्याटप्प्यानं पाहू.

उतारावरचं शहर

काठगोदामच्या दक्षिणेला भाबरचा पट्टा आहे. डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांत इथे ओढे जिरून जातात आणि आणखी खाली तराईत पुन्हा वर येतात. भाबर सोडला की जेमतेम ३५ किलोमीटरमध्ये रस्ता सुमारे १,४०० मीटर चढतो आणि नैनितालचा तलाव समोर येतो. शाहजहानपूरचा साखरेचा व्यापारी बॅरन १८४१ साली इथे पोहोचला आणि त्यानंतर हे गिरिस्थान वसत गेलं. वसवणाऱ्यांना डोंगरानं लवकरच आपल्या ठिसूळपणाची जाणीव करून दिली. १८ सप्टेंबर १८८० रोजी मुसळधार पावसात तलावाच्या वरचा उतार कोसळला आणि १५१ माणसं गेली. त्या ढिगाऱ्यानं तलावाचा एक काठ भरला. आज जिथे पोरं क्रिकेट खेळतात ते फ्लॅट्स मैदान त्यामुळेच एवढं ऐसपैस झालं. पुढे उतारांवर पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांचं जाळं बांधलं गेलं. शहर आजही त्या नाल्यांच्या भरवशावर उभं आहे.

हा तलाव म्हणजे शहराचं पिण्याचं पाणी. आपण नावेतून ज्याच्यावर फिरतो, तेच हॉटेलच्या नळाला येतं. मे महिन्यात त्याची पातळी खाली जाते आणि नेमकी तेव्हाच गर्दी सर्वांत जास्त असते. हंगामात वाहनं शहराच्या खालीच अडवून प्रवाशांना शटल गाडीनं वर न्यावं लागतं. चाळीस माणसं चार-चार करून मोटारींतून आली, तर त्या शहराला दहा गाड्यांसाठी जागा शोधावी लागते. तीच माणसं दोन टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसतात. गटाच्या सहलीच्या बाजूनं यापेक्षा सरळ हिशेब नाही.

एका रात्रीत हाती न येणारं

नैनितालहून भवाली, कैंची, खैरना करत रस्ता कोसी नदीच्या काठानं अल्मोड्याकडे जातो. कैंची धामला भाविकांची रीघ वाढल्यापासून हा टप्पा तासन् तास तुंबतो आणि गटाचा दिवस इथेच खर्ची पडतो. मग अल्मोडा गाडीच्या खिडकीतून पाहून, बालमिठाईचे डबे घेऊन पुढे निघायचं, असं होतं. वास्तविक चंद राजांची ही राजधानी पायी पाहायची. लाला बाजारची फरसबंदी गल्ली, कोरीव लाकडी चौकटींची घरं आणि दगडी बांधणीचे नौले. नौला म्हणजे झऱ्यावर छत घालून, आत पायऱ्या उतरवून बांधलेलं पाणवठ्याचं छोटं घरच. पूर्वी अल्मोडा या नौल्यांवर जगत असे. आज शहराचं बरंचसं पाणी खालच्या कोसीतून पंपानं वर चढवावं लागतं. हे कळलं की आपली अंघोळीची बादली अर्धीच भरावीशी वाटते.

मराठी माणसाला इथे आणखी एक नातं भेटतं. पूर्वज कोकणातून आले, अशी आठवण कुमाऊंतल्या पंत घराण्यांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. गोविंद वल्लभ पंत आणि हिंदी कवी सुमित्रानंदन पंत याच मुलखातले. यातले सुमित्रानंदन कौसानीत जन्मले.

कौसानीला गट येतो तो सूर्योदयासाठी. त्रिशूळ ७,१२० मीटर, नंदादेवी ७,८१६ मीटर. ही रांग पहाटे मोकळी असते आणि ऊन चढलं की अनेकदा ढगाआड जाते. एका मुक्कामात एकच पहाट मिळते. ती ढगाळ निघाली तर मंडळी हिरमुसून बसमध्ये चढतात. १९२९ साली महात्मा गांधी इथे आले आणि सुमारे दोन आठवडे राहिले. गीतेच्या त्यांच्या ‘अनासक्तियोग’ या अनुवादाची प्रस्तावना इथेच लिहून झाली. त्यांच्या मुक्कामाची जागा आज अनासक्ती आश्रम म्हणून ओळखली जाते. आपण ती अर्ध्या तासात उरकतो.

जोहारचा दरवाजा

कौसानीहून बैजनाथ, बागेश्वर, चौकोडी, थल असा रस्ता मुन्सियारीला जातो. बिर्थीचा धबधबा मागे टाकून काळामुनीच्या खिंडीतून उतरलं की पंचचुलीची पाच शिखरं समोर येतात. हा दिवसभराचा घाट आहे. अंग आंबून जातं आणि तरी बहुतेक सहली इथे एका रात्रीनंतर पाठ फिरवतात.

मुन्सियारीच्या वर जोहार खोरं आहे. तिथले शौका व्यापारी मीठ, लोकर आणि धान्याच्या देवघेवीसाठी तिबेटात जात. १९६२च्या युद्धानंतर तो व्यापार थांबला आणि वरची गावं ओस पडत गेली. खोऱ्यातल्या मिलम गावचा नैनसिंह रावत १८६६ साली वेष पालटून ल्हासाला पोहोचला. शंभर मण्यांच्या माळेवर पावलं मोजत त्यानं अंतरं नोंदवली आणि त्या शहराचं स्थान व उंचीही निश्चित केली. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्याला सुवर्णपदक दिलं. ज्या खोऱ्यानं असा माणूस घडवला, तिथल्या कुणाशी दोन शब्द न बोलता परतणं हे आपलंच नुकसान आहे.

बोलायची सोय झालेली आहे. मुन्सियारीलगतच्या सरमोली गावात बायकांनी आपल्या घरांत पाहुण्यांची व्यवस्था उभी केली आणि तिची सांगड गावच्या वनपंचायतीशी घातली. २०२३ साली केंद्रीय पर्यटन मंत्रालयानं सरमोलीला सर्वोत्कृष्ट पर्यटन गाव म्हणून गौरवलं. पाहुण्याचा पैसा तिथे थेट घरात पडतो. एका घरात चाळीस जण मावणार नाहीत, पण पाच-सहा घरांत गट सहज वाटला जाईल.

पानातलं

आपल्या गटांबरोबर आचारी असतात. दमून आल्यावर वरण-भात मिळाला की ज्येष्ठांना बरं वाटतं, हे मी पाहिलं आहे आणि त्याची किंमत जाणतो. तरीही कुमाऊंच्या चुलीवर काय शिजतं ते पाहा. मडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीचीच भाकरी, गहतची डाळ म्हणजे कुळीथ आणि झंगोरा हा आपल्या भगरीच्या जातकुळीतला. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या माणसाला हे जेवण परकं वाटणारच नाही. रोज एक जेवण गावातून घेतलं, तर डोंगरउतारावरच्या या पिकांना गिऱ्हाईक मिळेल.

सहल आखताना

ऑक्टोबर २०२१मध्ये, ऐन सहलींच्या हंगामात, कुमाऊंत अतिवृष्टी झाली. मुक्तेश्वरला २४ तासांत ३४० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. नैनितालचा तलाव माल रोडवर आला, दरडींनी रस्ते तुटले, पर्यटक अडकून पडले. हिमालय हा अजून घडत असलेला, ठिसूळ डोंगर आहे. तिथे दर दिवसाला एक गाव बांधून ठेवलेल्या कार्यक्रमात एक रस्ता बंद झाला की पुढचं सगळं कोलमडतं. मग चुकलेलं अंतर भरून काढायला अंधारात गाडी चालवली जाते आणि धोका तिथेच वाढतो. अनेक ठिकाणी चालकाला रात्री गाडीतच झोपावं लागतं आणि पहाटे त्याच्याच हाती वीस जणांचे जीव असतात.

म्हणून आठवड्यात सहा गावांऐवजी तीन गावं घ्यावीत. अल्मोड्याला दोन रात्री राहून एक दिवस देवदारांच्या बनातल्या जागेश्वरच्या मंदिरांना द्यावा. कौसानीला दोन आणि मुन्सियारीला तीन रात्री असाव्यात. त्यातला एक दिवस कोरा सोडावा, म्हणजे दरड पडली तर तो कामी येतो आणि न पडली तर गावात पायी फिरता येतं. डिझेल वाचेल, चालकाला अंथरूण मिळेल, गुडघेदुखीच्या मंडळींना रोज बॅग भरावी लागणार नाही.

सहल कंपन्या पत्रकावर जास्तीत जास्त गावांची नावं छापतात, कारण आपण ती नावं मोजून पैसे भरतो. दिवाळी सरली की उन्हाळी सहलींची पत्रकं येऊ लागतील. तेव्हा इतकंच विचारायचं: प्रत्येक गावात किती रात्री, कोरा दिवस कुठला, चालक कुठे झोपणार, गावचं जेवण कधी? चाळीस जणांच्या गटातल्या दहा जणांनी हे विचारलं, तर पुढच्या वर्षीचं पत्रक बदलेल. एकट्या प्रवाशाच्या हाती नसलेलं हे बळ गटाकडे आहे आणि ते आता डोंगरासाठी वापरायला हवं.